इमोजीनचं विरजण

माणूस माणूस झाला तो विस्तवामुळे नव्हे, चाकामुळे नव्हे, लिपीमुळे तर नव्हेच नव्हे. कुणीतरी भिजलेलं धान्य फेकून द्यायला विसरलं आणि ते आंबलं, त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला. देवळं, कायदे, विद्यापीठं वगैरे नंतर आली, ती त्या आंबलेल्या धान्यावर नजर ठेवायला. हा सिद्धान्त डॉक्टर लेलँड थॉर्सनने पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात, उशी खाली घेऊन गुडघ्यांवर बसून, एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बादलीपुढे मनातल्या मनात मांडला, आणि टाळ्यांची वाट पाहावी तसं त्याने बादलीच्या झाकणात खोचलेल्या वाकड्या नळीकडे पाहिलं. नळीत बोटभर पाणी होतं. त्या पाण्यातून एक बुडबुडा वर यायला हवा होता. आला नाही. शेजारचं कपडे धुण्याचं यंत्र तेवढं त्याच्या पायमोज्यांना पोटात घेऊन जोरजोरात मान हलवत होतं.

बादलीत मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, म्हणजे माल्टचं, गोड पाणी होतं. शनिवारी त्याने ते मागच्या अंगणात शेगडीवर उकळलं, त्यात कॅस्केड हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीवरची वाळकी बोंडं, मुठीमुठीने टाकली, निववलं, आणि फ्रिजमध्ये मोहरीच्या बाटलीमागे महिनोन्महिने बसून असलेल्या एका बरणीतला दुधाळ तपकिरी साका सगळाच्या सगळा त्यात ओतला. तो साका म्हणजे स्कॉटिश एल नावाच्या बिअरचं यीस्ट, गोड पाणी आंबवून त्यातून बुडबुडे काढणारं. त्या जातीची पाकिटं दुकानात मिळतात. हेही कधीकाळी पाकिटातूनच आलं होतं, पण त्याच्या बायकोने, इमोजीनने, ते आणलं तेव्हा लेलँडच्या डोक्यावर केस होते. एका खेपेची बिअर बाटल्यांत गेली की तळाचा साका बरणीत, बरणीतून पुढच्या खेपेत, अशी दह्याचं विरजण राखावं तशी तिने ती जात राखली होती. विकत आणलेलं आणि राहून राहून घरचं झालेलं यांत फरक असतो, असं ती म्हणायची, आणि म्हणताना लेलँडकडे बघायची. घरी बिअर लावणाऱ्यांच्या क्लबात तिला लोक सांगून थकले की बाई, हॉप्सचा एवढा मारा असलेल्या पेल एलला कुणी स्कॉटिश यीस्ट लावत नाही, त्याला अमेरिकन लाव, चुणचुणीत होईल. ती म्हणायची, हॉप्स आधीच मोठ्याने बोलतात, त्यांच्या शेजारी जरा शांत माणूस नको का? ते यीस्ट खरोखरच शांत होतं. थंडीत कुरकुर न करता काम करायचं, काम झालं की तळाशी जाऊन घट्ट बसायचं. फेब्रुवारीत इमोजीन गेली. आता ऑक्टोबर संपत आला होता, आणि तिच्या हातचं जिवंत असं जगात जे एकच उरलं होतं ते या बादलीत होतं. किंवा नव्हतं. बुडबुडा आला असता तर होतं.

झाकण उघडून बघता आलं असतं, दुसऱ्या कुणी बघितलंही असतं. पण लेलँडने हॉथॉर्न रस्त्यावरच्या दवाखान्यात उभा जन्म लोकांचे दात कोरण्यात घालवला होता, आणि हवेत काय काय तरंगत असतं याची त्याला झाली होती तितकी जाणीव माणसाला न झालेली बरी. जंतू मारणं हा त्याचा धंदा. निवृत्त झाल्यावर एका मूठभर जंतूंचा जीव वाचवण्यासाठी आपण तळघरात गुडघे टेकू, असं कुणी सांगितलं असतं तर त्याने त्या माणसाला गुळणी करायला लावली असती. इमोजीन बिअर लावायची तेव्हा लेलँडकडे बाटल्या धुण्याचं खातं होतं. बाटल्या तो अशा धुवायचा की त्यांत बाळंतपण करता आलं असतं. पातेल्याजवळ मात्र ती त्याला येऊ द्यायची नाही. "तू नुसता बघितलंस तरी त्यातलं निम्मं मरतं," म्हणायची. ती बाटल्या भरायची, तो टोपणं दाबायचा. ती बोलायची, तो ऐकायचा. आणि ऐकणं हे त्याला भागच होतं, कारण लवंगेचं तेल आणि जंतुनाशकं हुंगून हुंगून त्याचं नाक साफ निकामी झालं होतं. गोड, कडू, आंबट एवढं जिभेला कळायचं. पुढचा सगळा प्रदेश बंद. त्या प्रदेशातल्या बातम्या इमोजीन आणून द्यायची. पातेल्याच्या वाफेत तोंड घालून ती सांगायची, आता ग्रेपफ्रूटची साल. थांब, आता पाइनच्या जंगलात कुणीतरी लाकूड फोडतंय. आता, हसू नकोस, भिजलेलं मांजर. जाईल ते, जाईल. तो बाटली हातात धरून उभा असायचा, आणि ते जंगल, ते लाकूड, ते मांजर त्याला इतकं स्वच्छ दिसायचं की आपल्याला वास येत नाही हे तो वर्षानुवर्षं विसरून गेला होता. फेब्रुवारीनंतर त्याच्या लक्षात आलं. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी झालं. पानगळ आली आणि तिला काही वासच नव्हता, झाडांनी नुसता कागद खाली टाकला होता.

बरणीवरून इमोजीनच्या बहिणीशी भांडण झालं होतं. भांडण म्हणजे काय, व्हर्नाशी कुणाचं भांडण होत नाही, ती बोलते आणि समोरचा ऐकतो. इमोजीनपेक्षा ती मोठी. दोघी विलामेट खोऱ्यातल्या हॉप्सच्या शेतावर वाढलेल्या, वेलींनी ओरखडलेल्या हातांच्या. दफन उरकून लोक घरी आले, हॅम सँडविचेस संपली, आणि व्हर्नाने कोट अंगात घालता घालता म्हटलं, "लेलँड, ती फ्रिजमधली बरणी मला दे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? जगवायला. तू ती उकळशील."

"मी का उकळेन?"

"तू सगळंच उकळतोस. लग्नाच्या आदल्या दिवशी तू माझ्या आईचे चमचे उकळले होतेस."

"ते चमचे बघितले होतेस का तू?"

पण बरणी त्याने दिली नाही. का दिली नाही हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. एकदा, जानेवारीत, खोलीत आणून ठेवलेल्या त्या वरखाली होणाऱ्या पलंगावर इमोजीन पडून होती, तेव्हा तिने बरणी मागितली होती. त्याने ती आणून दिली. तिने ती खिडकीच्या उजेडात धरली, तापातल्या पोराचा चेहरा बघावा तशी बघितली, आणि म्हणाली, "छान बसलंय." बरणी धरलेला तिचा हात कापत होता, आणि साका मात्र हलत नव्हता. एवढंच. त्यात वचन नव्हतं, निरोप नव्हता. तरी व्हर्नाला नाही म्हणताना त्याला तो न हलणारा साका दिसला होता. "मीच लावीन बिअर," तो म्हणाला होता. व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं होतं. माणसं नवशिक्या दंतवैद्याकडे बघतात तसं.

आणि आता बादली मुकी होती. सोमवारी त्याने दुकानात फोन केला. दुकान ब्रॅमचं. त्याची दाढी एवढी मोठी की तो आत कुठेतरी राहतो असं वाटायचं. इमोजीन त्याची जुनी गिऱ्हाईक.

"बुडबुडा नाही म्हणतोस, डॉक? यीस्ट आधी थोड्या गोड पाण्यात जागं करून घेतलं होतंस ना? सांगितलं होतं मी."

"नाही घेतलं. दोनदा भांडं बदललं की दोनदा धोका."

"कसला धोका?"

"जंतूंचा."

दाढी फोनवर घासल्याचा आवाज आला. "डॉक, यीस्ट म्हणजे काय असतं ठाऊक आहे ना तुला? बरं, राहू दे. किती जुनी होती बरणी? फेब्रुवारीच्या आधीची? अरे बापरे. हे बघ, दोन दिवस थांब. नाहीच काही हललं तर माझ्याकडून अमेरिकन यीस्टचं एक पाकीट ने, वरून टाक, मोकळा हो. बिअर तरी वाचेल."

बिअर तरी वाचेल. तो पाकीट घेऊन आला. चहाच्या पुडीएवढं, चपटं, आत वाळूसारखं काहीतरी सरकणारं. ते टाकलं की दोन दिवसांत बादली फसफसली असती, नळी बडबडायला लागली असती, पंधरवड्याने झकास पेल एल तयार. फक्त त्यानंतर तळाशी जो साका बसला असता त्यात इमोजीनचं कोण आणि पाकिटातलं कोण हे देवालाही निवडता आलं नसतं. आधीच मेलेलं असेल तर प्रश्न नव्हता. पण धुगधुगी असेल तर त्या दांडग्या नव्या पोरांच्या गर्दीत ते म्हातारं कुठे टिकणार होतं. आणि काहीच केलं नाही, ते मेलेलंच असलं, तर गोड पाणी नासून जाणार. म्हणजे मारणं तरी किंवा सडवणं तरी. पाकीट त्याने यंत्रावर ठेवलं आणि पुन्हा उशीवर गुडघे टेकले. बादलीच्या पांढऱ्या अंगाला हात लावला. गार होती. कान लावला. शंखात येतो तसा स्वतःच्याच रक्ताचा आवाज आला.

गुरुवारी व्हर्ना आली. गुरुवारी ती ट्यूना आणि नूडल्सचा भाजलेला ट्रे घेऊन यायची. तो आठवडाभर पुरायचा, कारण कुणीच तो खुशीने खायचं नाही. ट्रे ओट्यावर ठेवून ती थेट तळघराच्या जिन्याशी गेली, चार पायऱ्या उतरली आणि गुडघा दुखतो म्हणून तिथेच बसली.

"काय म्हणतंय?"

"मजेत आहे," लेलँड बादलीशेजारच्या स्टुलावर बसत म्हणाला. "छान चाललंय."

"बुडबुडे?"

"भरपूर."

व्हर्ना कठड्याला धरून नळीकडे बघत बसली. यंत्र बंद होतं. वर फ्रिज गुरगुरला आणि थांबला. बागेतली पानं ओढणारं कुणाचं तरी दाताळं फरशीवर घासत होतं. लेलँड जरा पुढे वाकला, काहीतरी न्याहाळल्यासारखं केलं, आणि झाकणावर कोपर टेकून हळूच भार दिला. नळीतलं पाणी चढलं, थबकलं, आणि गुळुप् असा एक घसघशीत बुडबुडा वर येऊन फुटला.

"एकच?" व्हर्ना म्हणाली.

"स्कॉटिश आहे ते. विचार करून बोलतं."

व्हर्नाने नाक वर करून एक लांब श्वास घेतला, रडू येण्याआधी माणसं घेतात तसा. मग कठडा धरून उठली. वरच्या पायरीवर वळली. "डॉक्टर," ती म्हणाली, "कोपर दुखत असेल तर त्याला बर्फ लाव." आणि निघून गेली.

तिला कळलं होतं. म्हणजे लबाडी कळली होती, आणि लबाडीवरून बाकीचं: उकळून मारलंस, मी म्हटलं नव्हतं? त्या दुपारी लेलँड पलंगावर इमोजीनच्या बाजूला आडवा झाला. तिथे तिची हॉप्सची थैली अजून होती. तिच्या शेतावरच्या आजीपासूनची पद्धत, वाळलेल्या हॉप्सची हातभर थैली उशीखाली सारायची, झोप लागते. त्याला वास येत नव्हता, पण थैली कुरकुरायची, वाळक्या पानांवर कुणी जपून पाय टाकावा तशी, आणि झोपेला तेवढा आवाज पुरायचा. डोळे मिटल्यावर उंच मांडवांच्या रांगा दिसल्या. तारांवर चढलेल्या हिरव्या वेली, हिरव्या भिंती, मधून कापडी टोपीतल्या दोन मुली पळताहेत, थोरली पुढे, धाकटी मागे. हे त्याने कधी पाहिलं नव्हतं, हेसुद्धा तिने सांगितलेलंच. तिने सांगितलेल्या गोष्टींच्या आठवणी त्याच्या स्वतःच्या आठवणींपेक्षा जास्त होत्या. त्याच्या स्वतःच्या म्हणजे बहुतेक दाढाच. धाकटी मुलगी थांबली, वेलीचं एक बोंड चुरडून तिने त्याच्यापुढे हात धरला. "सांग." तो म्हणाला, येत नाही ग मला वास. ती म्हणाली, "मग मी सांगते. आता..." आणि तिच्या तोंडातून बुडबुडा आला, एक, दोन, मग सरी, काचेसारखे, गोल, वर तारांपर्यंत जाऊन न फुटता अडकलेले, आणि एकाचाही आवाज नव्हता. सगळा मळा बुडबुड्यांनी भरून गेला आणि तरी शांत. त्याला वाटलं, हे असंच असतं बहुतेक, आवाज आपल्यासाठी असतो, त्यांना त्याची गरज नसते. हा विचार झोपेत अतिशय थोर वाटला. जागा झाला तेव्हा गालावर थैलीची शिवण उमटली होती आणि विचारातलं थोर काय होतं ते आठवेना.

आणखी काही दिवस त्याने काढले. मग एका सकाळी तो कात्री घेऊन खाली गेला. हात कोपरापर्यंत घासले, जुन्या सवयीने तोंडाला पट्टी बांधली, मग सोडली. पाकिटाचं टोक कापलं. ते डाव्या हातात उभं धरून उजव्या हाताने झाकणाची कड उचलली. कड सहज निघाली. फारच सहज. इमोजीनच्या वेळी झाकण काढायचं म्हणजे दोघांना जोर लावावा लागायचा, आणि एकदा तर ते निघताना ती मागे यंत्रावर आपटली होती आणि हसत सुटली होती. त्याने झाकण उलटं केलं. आतल्या खाचेतली, झाकण हवाबंद करणारी रबराची चकती एका बाजूला फुगून वर आली होती, दुसऱ्या बाजूला आक्रसली होती, वेडीवाकडी, कडक, शिजवलेल्या मांसासारखी. शिजवलेलीच होती ती. शनिवारी सकाळी, पाणी तापायच्या आधी, त्याने ती छोट्या भांड्यात घालून चांगली खळखळून उकळली होती. मुळीच गरज नव्हती. पण कधी असते?

मग त्याने बादलीत वाकून पाहिलं. द्रव शांत होता, तांबूस, कडांना जवळजवळ नितळ. आणि द्रवाच्या वर, पांढऱ्या भिंतीवर, चार बोटं उंचीला, सभोवार एक तपकिरी खरखरीत कडं सुकलेलं होतं. हॉप्सचे हिरवे कण त्यात चिकटलेले. भरतीचं पाणी ओसरल्यावर खडकावर रेघ राहते तशी. फेस इथवर चढला होता. चढला होता, दिवसभर उभा राहिला होता, आणि ओसरला होता. तो कान लावून बसला होता तेव्हाच केव्हातरी, गार अंधारात, न बोलता, त्यांनी सगळं काम उरकलं होतं, आणि हवा त्या वाकड्या चकतीखालून निघून गेली होती, नळीच्या वाटेला न जाता. तो आणखी खाली वाकला. नाकात एकदम काहीतरी झोंबलं. वास नव्हे, झोंबणं, सोड्याची बाटली फार जवळ धरल्यासारखं, डोळ्यांतून पाणी आणणारं. डोळ्यांतून पाणी आलं. हे झोंबल्यामुळेच आलं असं त्याने ठरवलं. मग डाव्या हातात काय आहे ते त्याला आठवलं. कापलेलं पाकीट बादलीच्या तोंडावर तिरपं झालं होतं, वाळूचे कण टोकापर्यंत घरंगळत आलेले. त्याने तो हात असा मागे नेला की जणू कुणा पेशंटने चावा घेतला. तीन पावलं मागे जाऊन त्याने पाकीट मोरीत उपडं केलं आणि नळ सोडला, आणि ती दांडगी पोरं पोर्टलंडच्या गटारांत आपलं नशीब काढायला निघून गेली.

बाटल्या धुणं, भरणं, टोपणं दाबणं हे त्याला येतच होतं, फक्त एकट्याने करताना मधेमधे तो ऐकायला थांबायचा. तळाचा साका त्याने दोन बरण्यांत काढला. साका लोण्यासारखा दाट होता; बरणी तिरपी केली तरी घाई करत नव्हता. बाटल्यांना वायू धरायला म्हणून थोडा वेळ दिला. मग एका गुरुवारी, ट्यूनाचा ट्रे ओट्यावर येऊन बसल्यावर, त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन ग्लास ठेवले.

व्हर्ना कोट न काढता बसली. त्याने टोपण उडवलं, ओतलं. फेस ग्लासाच्या वर चढला आणि टेबलावर आला. तिने बोटाने तो पुसला आणि बोट चाटलं.

"दोन आठवडे मला झोप नव्हती," लेलँड म्हणाला. त्याला सांगायचं नव्हतं. "चकती वाकडी झाली होती. मला वाटलं, मेलं."

"मेलं? त्या दिवशी जिन्यावरच मला वास आला होता. सगळं तळघर घमघमत होतं. पावाची भट्टी आणि संत्र्याची साल. मी म्हटलं, चला, हा माणूस उकळायचं विसरला एकदाचा."

लेलँडने बाटली खाली ठेवली. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तू सांगत होतास ना, छान चाललंय, भरपूर बुडबुडे. मी म्हटलं, खरंच सांगतोय. ते कोपराचं मला काही कळलं नाही. वाटलं, सत्तरीत वेड लागतं एकेकाला."

"व्हर्ना, मी दुसरं यीस्ट टाकणार होतो. पाकीट कापलं होतं. बादलीवर धरलं होतं."

व्हर्नाने उचललेला ग्लास परत खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावरचं ते नेहमीचं, दुसऱ्याला पुरवून उरणारं शहाणपण कुठेतरी गेलं, आणि कापडी टोपीतली एक थोरली मुलगी, मागे वळून बघताना धाकटी दिसत नाही म्हणून थांबलेली, क्षणभर त्याच्या समोर बसली होती. "टाकलंस?" तिने विचारलं. आवाज तिचा नव्हता.

"नाही."

"एक कणही नाही?"

"मोरीत ओतलं. दोन बरण्या भरल्यात. एक तुझी आहे."

तिने टेबलावरचा ओला गोल डाग तळव्याने पुसला. मग तिने ग्लास दोन्ही हातांत घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि प्यायली. एक घोट, मग थांबून दुसरा. गळ्याची शीर हलली. लेलँडने स्वतःचा ग्लास उचलला नव्हता. त्याला तो उचलून उपयोग नव्हता; कडू, गोड, एवढंच त्याला कळणार होतं, बाकी सगळं आत्ता या टेबलापलीकडे, मिटलेल्या दोन डोळ्यांमागे होतं. खिडकीत उजेड मऊ झाला होता. मांडवांच्या रांगा, चुरडलेलं बोंड, पाइन, मांजर, सगळं त्या खोलीच्या दाराशी येऊन उभं होतं, कुणी नाव घेईल तर आत यायला. व्हर्ना पीत राहिली. ग्लास तिरपा होत होत आडवा झाला, शेवटचा थेंब तिने वाट बघून घेतला. ग्लास खाली ठेवला. डोळे मिटलेलेच होते.

"तिचीच आहे ना?" लेलँडने विचारलं. त्याला स्वतःचा आवाज लांबून आला. "व्हर्ना? सांग ना. कशी आहे?"

तिने डोळे उघडले. कोटाची वरची दोन बटणं काढली, ग्लास त्याच्याकडे सरकवला.

"आणखी घाल," ती म्हणाली. "आणि ओतताना ग्लास जरा तिरका धर, मघाशी नुसता फेस पाजलास."